वरचा एक डॉलर

आहेराच्या पाकिटात घालायला एक डॉलरची नोट हवी होती. शंभराची नोट बँकेतून कोरी करकरीत आणून ठेवली होती, पण वरचा एक नेहमीसारखाच सगळे विसरले होते. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनला मुंडावळ्या मिळतात, विड्याची पानं मिळतात, रुपयाचं नाणं चिकटवलेली आहेराची पाकिटंसुद्धा मिळतात. पण वर रुपया आणि आत डॉलर हा प्रकार आईला मंजूर नाही. "शकुन ज्या पैशाचा, त्याच पैशात द्यावा," असं तिचं म्हणणं. हा नियम तिने बहुधा त्याच दिवशी केला असावा. मग पर्स उपसली, गाडीतला खण उपसला, आणि शेवटी हिवाळी जॅकेटच्या खिशात एक डॉलर सापडला. घड्या पडलेला, वापरून वापरून फडक्यासारखा मऊ झालेला. आईने तो टेबलावर ठेवून तळहाताने दाबून सपाट केला, उलटा केला आणि थांबली. मागच्या बाजूला डावीकडे तो डोळेवाला पिरॅमिड, उजवीकडे गरुड, मधे भलंमोठं 'वन', आणि त्याच्या डोक्यावर हिरव्या अक्षरांतली ओळ: इन गॉड वुई ट्रस्ट. त्यातलं 'गॉड' निळ्या बॉलपेनने खोडलेलं होतं. रागारागाने गिरवलेलं नव्हतं. पट्टी धरून मारलेली असावी अशी सरळ रेघ, शेजारच्या अक्षरांना जराही धक्का न लावता.

"हे काय गं खोडलंय?"

"देव," मी म्हटलं. आणि मग ओळ समजावून सांगितली: आमचा देवावर भरवसा आहे, असं इथल्या सगळ्या नोटांवर लिहिलेलं असतं. त्यातला देव कुणीतरी खोडलाय.

आईने नोटेवरचा हात काढून घेतला. "मग ही नको. लग्नघरी असली नोट द्यायची नाही." दुसरी नोट शेजारच्या गुजराती काकूंकडून आली, पाकीट भरलं, चिकटवलं. पण गाडीत बसल्यावर आई जे म्हणाली ते माझ्या डोक्यातून जाईना. "इथल्या पैशावर देवाचं नाव असतं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस." आवाजात तक्रार होती आणि या देशाबद्दल अचानक वाढलेलं मतही होतं. मी काय सांगणार? इतकी वर्षं या नोटा मोजल्या, दिल्या, घेतल्या. ती ओळ तिथे आहे हे ठाऊक होतं, पण वाचली अशी कधी नव्हती. मागच्या सीटवरून माझी लेक म्हणाली, "आजी, नोटेवर काय लिहिलंय ते कोण वाचतं?"

वाचलं होतं दोघांनीच. ज्याने खोडलं त्याने, आणि जिला ती नोट नकोशी झाली तिने.

आमचं बार्शीला किराण्याचं दुकान. माझी पैशाशी ओळख झाली ती गल्ल्यातल्या नोटांच्या वासाने: थोडी हळद, थोडा गूळ, गोडेतेलाचे बोट आणि ओल्या खिशाचा घाम. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं की बाबा ती नोट आधी कपाळाला लावायचे, मगच गल्ल्यात टाकायचे. भवानी झाल्याशिवाय उधारीचं नाव काढायचं नाही, असा दंडक. नोट खाली पडून चुकून पाय लागला तर बोटं नोटेला आणि मग छातीला. लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी नोटांची थप्पी ठेवून त्यावर हळदीकुंकू वाहायचं, आणि पाडव्यानंतर आठवडाभर गावातल्या निम्म्या नोटा पिवळ्या-लाल डागांच्या फिरायच्या. त्या नोटांवर देवाचं नाव कुठे होतं? सिंहांची मुद्रा होती, गव्हर्नरची सही होती, आणि धारकाला इतके रुपये अदा करण्याचं वचन होतं. वचन एका माणसाचं, तेही पगारी. तरी आमच्या घरात तिला लक्ष्मीच म्हणत. देवत्व आम्ही आमच्या खर्चाने लावत होतो, हळदीकुंकवासकट.

अमेरिकेत ते काम सरकारने अंगावर घेतलं, आणि त्याची सुरुवात एका पत्राने झाली. १८६१ चा नोव्हेंबर, यादवी युद्धाची पहिली वर्षअखेर, उत्तरेकडच्या सैन्याचे हाल चाललेले. पेनसिल्व्हेनियातल्या रिडलीव्हिल नावाच्या छोट्या गावातल्या एम. आर. वॉटकिन्सन या पाद्र्याने अर्थमंत्री सॅमन चेस यांना लिहिलं, की आपल्या नाण्यांवर देवाचा उल्लेखच नाही. हे प्रजासत्ताक उद्या मोडून पडलं तर पुढच्या शतकांतले पुराणवस्तू-संशोधक ही नाणी बघून आपल्याला धर्महीन रानटी समजणार नाहीत का? मला हे पत्र फार आवडतं. देश बुडायला आलाय आणि या भल्या माणसाला चिंता पडलीय ती उत्खननात आपली अब्रू कशी राहील याची. चेसनी आठवड्याभरात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या प्रमुखाला हुकूम दिला: आपल्या लोकांची देवावरची श्रद्धा नाण्यांवर जाहीर झाली पाहिजे, शक्य तितक्या कमी शब्दांत. मसुदे झाले, शब्द मागेपुढे झाले, आणि १८६४ साली दोन सेंटच्या तांब्याच्या नाण्यावर ही ओळ पहिल्यांदा उमटली. याच चेससाहेबांनी १८६२ च्या एक डॉलरच्या कागदी नोटेवर छापायला चेहरा निवडला तो मात्र स्वतःचा. राष्ट्राध्यक्ष व्हायची हौस होती, आणि प्रचाराला इतकी फिरणारी जागा दुसरी कुठली? नाण्यावर देव, नोटेवर मी. आज कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणाऱ्या एका बँकेचं नाव याच गृहस्थांवरून पडलंय.

नोटांवर देव यायला पुढची नव्वद-एक वर्षं गेली. १९५३ च्या सुमारास अर्कान्सासचा मॅथ्यू रोथर्ट नावाचा एक उद्योजक चर्चमध्ये बसला होता. दानाचं ताट फिरत फिरत त्याच्यापुढे आलं. गडी नाण्यांचा संग्राहक, त्यामुळे नजर आधी मजकुरावर. ताटातल्या नाण्यांवर देव आहे आणि नोटांवर नाही, हे त्याच्या लक्षात आलं. शिवाय नाणी देशातच राहतात, नोटा जगभर जातात. संदेश जायला हवा तो नोटांवरून. मग पत्रं, भाषणं, खासदारांच्या गाठीभेटी. वेळही अशी, की समोर सोव्हिएत रशिया, आणि त्यांच्या-आपल्यातला ठळक फरक म्हणजे ते देव मानत नाहीत. १९५४ मध्ये शाळेतल्या प्रतिज्ञेत देव आला, ११ जुलै १९५५ ला आयझेनहॉवर यांनी सगळ्या नाण्या-नोटांवर ही ओळ सक्तीची करणाऱ्या कायद्यावर सही केली, १९५६ मध्ये तेच देशाचं अधिकृत बोधवाक्य ठरलं, आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये देवाच्या नावाची पहिली नोट लोकांच्या हातात पडली. एक डॉलरचीच. ती नोट तेव्हा चांदीची पावती होती. सरकारला दाखवली तर बदल्यात चांदी मागता यायची. १९६८ च्या जूनमध्ये चांदी देणं बंद झालं. ओळ राहिली.

मी हे सगळं वाचत बसले ती त्या खोडणाऱ्या माणसाच्या बाजूने बोलता येईल असं काहीतरी सापडेल म्हणून. त्याची बाजू समजायला सोपी आहे: ज्याचा देवावर विश्वास नाही त्याच्या खिशात सरकारने 'आमचा' असं लिहिलेला कागद का ठेवावा? तो 'आम्ही'तून बाहेर गेला का? पण वाचता वाचता असं दिसलं, की पैशावरच्या देवाला सगळ्यात कडवा विरोध नास्तिकांनी केलेलाच नाही. तो भाविकांनी केलाय.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट चर्चला जाणारा माणूस. १९०७ मध्ये त्यांनी ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराकडून दहा आणि वीस डॉलरची नवी सोन्याची नाणी घडवून घेतली आणि त्यांवरून ही ओळ काढून टाकली. गदारोळ झाला. नोव्हेंबरमध्ये एका पाद्र्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली बाजू मांडली: देवळावर, न्यायालयावर, स्मारकावर ही ओळ शोभते, पण नाण्यावर घातल्याने काही साधत नाही, उलट देवाची विटंबना होते, जवळजवळ पाखंड म्हणावं इतकी. या ओळीने कुणाच्या मनात पूज्य भाव जागा झालेला त्यांनी पाहिला नव्हता. थट्टा झालेली मात्र पुष्कळदा ऐकली होती. चांदीच्या डॉलरमध्ये डॉलरभर चांदी नसण्याच्या त्या काळात व्यंगचित्रं यायची: जी चांदी कमी भरली, तिच्यासाठी देवावर भरवसा. मापात पाप आणि वर देवाचं नाव. बाबांना हा माणूस आवडला असता. तराजूच्या काट्यावर देवाचा फोटो लावणाऱ्या व्यापाऱ्याकडून ते शेंगदाणे घेत नसत. अर्थात रूझवेल्टचं काही चाललं नाही. मे १९०८ मध्ये काँग्रेसने कायदा करून ओळ परत आणली.

याच कारणासाठी हेच करणारा आणखी एक राज्यकर्ता आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. औरंगजेब. त्याच्या आधीच्या बऱ्याच मुघल नाण्यांवर कलमा असायचा. १६५९ मध्ये दुसऱ्यांदा तख्तावर बसताना त्याने तो बंद केला, का तर नाणं काफिरांच्या हातातून जातं, पायाखाली येतं, पवित्र वचनाची अवहेलना होते. विचार रूझवेल्टचाच. पण रिकाम्या झालेल्या जागेत त्याने काय घातलं? एक फारसी दोनओळी, अर्थ असा की शाह औरंगजेब आलमगीराने पूर्णचंद्रासारखं झळाळतं नाणं जगात पाडलं. देव उतरला आणि बादशहा चढला. चेससाहेब आणि आलमगीर एका पंगतीला बसवायचं माझ्या मनात नव्हतं, पण बसलेत खरे.

आपल्याकडच्या जुन्या नाण्यांत शिरलं की आजचे वाद पोरकट वाटायला लागतात. महमूद गझनीने लाहोरला पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर कलम्याचा अर्थ चक्क संस्कृतात आहे: 'अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद'. मुहम्मद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर लक्ष्मी बसलेली आहे. हैदरअलीच्या होनावर शिवपार्वती. महाराजांच्या शिवराईवर 'श्री राजा शिव', त्या 'श्री'पलीकडे देवाचं नाव नाही. आणि पेशवाईतल्या मराठ्यांच्या टांकसाळी अंकुशी, चांदवडी रुपये पाडत राहिल्या ते फारशीतून, दिल्लीच्या नामधारी बादशहाच्या नावाने. यात कुणाचं धर्मांतर नव्हतं की सहिष्णुतेची मोठी प्रतिज्ञा नव्हती. बाजाराला ज्या छापाची सवय, तोच छाप चालतो, आणि सराफ तर मजकूर वाचतच नसे. तो नाणं दगडावर वाजवून बघायचा.

खऱ्या अर्थाने देवाचं असलेलं नाणं मी एकच पाहिलंय, आजीच्या देवघरात. ताम्हणात बाळकृष्णाशेजारी एक जाड तांब्याचं नाणं असायचं. एका बाजूला रामपंचायतन, गंधाच्या थरांनी रामाचं नाक बुजलेलं. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८. आजी सांगायची, इंग्रजसुद्धा रामाला मानत. पुढे कळलं की कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नव्हतं. तीर्थाच्या ठिकाणी विकायला कुणीकुणी पाडलेल्या या रामटंकी. त्यांच्या नावावर आजही भोळ्या लोकांना लाखोंचे गंडे घातले जातात. आजीला मी हे सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता, कारण तिच्या लेखी त्या नाण्याची किंमत कंपनीवर अवलंबून नव्हतीच. पण एक गोष्ट तेव्हाच जाणवली होती: त्या नाण्याने कुणी कधी मीठसुद्धा विकत घेतलं नसणार. धनत्रयोदशीला घेतलेलं लक्ष्मीचं चांदीचं नाणं कुणी बाजारात चालवत नाही, तसंच. देव उमटला की नाणं ताम्हणात जातं. आणि जे ताम्हणात जात नाही, भाजीवाल्यापासून बारपर्यंत हिंडत राहतं, त्यावरच्या देवाचं काय होतं?

याचं उत्तर अमेरिकन न्यायालयांनी देऊन ठेवलंय, आणि मला ते सगळ्यात जास्त टोचतं. ही ओळ घटनाबाह्य आहे असे खटले पुन्हा पुन्हा झाले. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात अपील न्यायालय म्हणालं, की या ओळीचा धर्माच्या स्थापनेशी काडीचा संबंध नाही. ती देशभक्तीची, समारंभी स्वरूपाची आहे, तिच्यात ना पारमार्थिक आशय ना कर्मकांडाचा. १९८४ मध्ये न्यायमूर्ती ब्रेनन यांनी, आमच्या शेजारच्या नेवार्कच्याच, एका वेगळ्या खटल्यातल्या आपल्या मतभेदाच्या निकालपत्रात लिहिलं, की असे शब्द घोकून घोकून त्यांच्यातला धार्मिक अर्थ झिजून गेलाय. म्हणजे माझी लेक मागच्या सीटवरून म्हणाली तेच, फक्त जास्त पानांत. २०१८ पर्यंत असे निकाल येत राहिले आणि ओळ दर वेळी वाचली. वाचली कशी, तर तिचा अर्थ उरलेला नाही असं सरकारी वकिलांनी आणि न्यायाधीशांनी पटवून दिल्यामुळे. बाहेर भाषणात मात्र तीच ओळ राष्ट्राचा पाया असते. २०११ मध्ये प्रतिनिधीगृहाने तिच्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं ते ३९६ विरुद्ध ९ मतांनी. न्यायालयात गेलं की निरर्थक, सभागृहात गेलं की पवित्र. देवावर माझा विश्वास जेमतेम आहे, तरी त्याची ही फरफट मला बघवत नाही.

त्या खटल्यांतला एक वादी ज्यू होता. त्याची हरकत अशी, की देवाचं नाव विनाकारण छापणं आणि छापलेलं नष्ट होणं हे त्याच्या धर्मात पाप. नोटा तर छापल्याच जातात फाटायला. म्हणजे नास्तिकांच्या रांगेत एक पक्का आस्तिक उभा. तोही हरला.

मग मला माझाच एक दिवस आठवला. नेवार्कच्या त्या मोठ्या हॉलमध्ये नागरिकत्वाची शपथ. शेवटी 'देव मला साहाय्य करो' असे शब्द येतात आणि ज्याला ते नको असतील त्याला ते गाळायची मुभा असते. माझ्या एका बाजूची बाई ते शब्द टिपेला जाऊन म्हणाली, दुसऱ्या बाजूचा माणूस त्या क्षणापुरता गप्प राहिला. मी ओठ हलवले. आणि गंमत म्हणजे त्या इंग्रजी शब्दाबरोबर डोळ्यांपुढे आला तो बार्शीचा भगवंत, त्याच्या गाभाऱ्यातल्या तेलकट अंधारासकट. शपथ अमेरिकेची, देव आमचा. आपल्याकडेही मंत्री शपथ घेतात तेव्हा कुणी 'ईश्वरसाक्ष' म्हणतं, कुणी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणतं, दोन्ही चालतं. घटनेनेच तशी सोय ठेवलीय. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी सूचना मांडली. सभागृहात भाविक खच्चून भरलेले. पंडित कुंझरू म्हणाले, ही ज्याच्या-त्याच्या श्रद्धेची बाब. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनंती केली, की देवावर मतदान करायची पाळी आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. मतदान झालं: बाजूने ४१, विरोधात ६८. त्या अडुसष्टांतले किती जण संध्याकाळी घरी जाऊन देवापुढे दिवा लावणारे असतील! त्यांनी देवाला मत दिलं नाही, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. तोच अभिमान मी आईपुढे बोलून दाखवू शकले नाही, हेही आहे.

शपथेत एक ओळ गाळता येते. नोटेत येत नाही. ती माणसाला विचारत नाही की तुझा भरवसा कुणावर. ती त्याच्या वतीने सांगून मोकळी होते. पट्टी धरून रेघ मारणाऱ्याने गाळायची मुभा स्वतःच घेतली, एवढंच.

पण हेच माप मी माझ्या बाजूला लावते तेव्हा हात जरा आखडतो. आपल्या नाण्यावर सिंहांच्या पायाशी 'सत्यमेव जयते' असतं, मुंडक उपनिषदातलं. मला ते कधी खटकलं नाही. त्यात देवाचं नाव नाही, सत्यावर कुणाची हरकत असणार, वगैरे बचाव तयार असतात. मात्र "यात खटकण्यासारखं काय आहे" हे वाक्य नेहमी ज्याला खटकत नाही तोच बोलतो, आणि आई अमेरिकन देवाबद्दल नेमकं तेच म्हणत होती. २००६ च्या सुमारास आपल्या दोन रुपयांच्या नाण्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघा आणि चार ठिपके आले, अनेकतेतली एकता म्हणून. कुणाला त्यात क्रूस दिसला, ओरड झाली, आणि थोड्याच काळात त्या जागी नृत्यमुद्रेतली बोटं आली. वैष्णोदेवीची नाणी निघाली, तंजावरच्या बृहदीश्वराची निघाली. त्यांविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात अशी अफवा अजून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वर्षातून एकदा येते.

त्याच ग्रुपवर २०२२ च्या दिवाळीनंतर चर्चा पेटली होती. अरविंद केजरीवाल यांनी मागणी केली होती, की नोटेच्या एका बाजूला गांधीजी राहू देत, दुसऱ्या बाजूला लक्ष्मी-गणपती छापा, म्हणजे अर्थव्यवस्था सुधारेल. दाखला इंडोनेशियाच्या वीस हजारांच्या नोटेवरच्या गणपतीचा. ती नोट चलनातून केव्हाच गेली होती हे सोडा. आत्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, कुणी धर्मनिरपेक्षतेवर लांबलचक लिहिलं. दादा आता दुकान बघतो. त्याने एकच प्रश्न टाकला: "ती नोट मटणाच्या दुकानात द्यायची का? आणि तिथून देशी दारूच्या?" ग्रुप गार पडला. दादाने रूझवेल्टचं नाव टेडी बेअरपुरतंही ऐकलेलं नाही.

दादाच्या गल्ल्यात आता नोटा कमीच असतात. काउंटरवर क्यूआर कोडचा स्टँड आहे, पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा आहे, आणि त्या डब्याला दादाने हळदीकुंकू लावलंय. शेजारी अत्तरवाल्या चाचांचं दुकान. त्यांच्या काचेखाली ७८६ हा आकडा असलेल्या नोटा मांडून ठेवल्यात: दहाच्या, वीसच्या, एक जुनी पाचाची. छापणाऱ्याने तो आकडा ओळीने मशीनमधून काढलेला. सातशे पंच्याऐंशीनंतर तो येणारच होता. चाचांसाठी मात्र ती बरकत. दादाकडे तशी नोट आली की तो बाजूला काढून ठेवतो आणि दुपारी गर्दी ओसरली की त्यांच्याकडे नेऊन देतो. चाचा बदल्यात साधी नोट देतात, तेवढ्याच किमतीची, वर एक कटिंग चहा. मागच्या खेपेला मी चाचांना विचारलं, सरकारने सगळ्याच नोटांवर ७८६ छापलं तर? ते हसले. "फिर तो बेटी, ढूँढने का मजाच गया ना," म्हणाले, आणि दादाला ओरडून सांगितलं की आज साखर कमी टाकायला सांग.